अडतीस फूट आणि चौदा नियम

आपल्या घरांत प्रवासाची तयारी स्वयंपाकघरापासून सुरू होते. खाकरे किती दिवसांचे भाजायचे, दशम्या दुधात भिजवायच्या की पाण्यात, उकळलेले पाणी कोठे मिळेल, सूर्यास्ताच्या वेळी आपण कोठे असू, हे प्रश्न सुटल्यावाचून तिकीट काढण्याची आपल्याकडे रीत नाही. नव्या पिढीला, विशेषतः परदेशात वाढलेल्या मुलांना, हे ओझे वाटते. मग "नियम पाळणाऱ्यांनी घरी राहावे, फिरणाऱ्यांनी फिरावे" असा सोयीचा तोडगा घरोघरी निघतो आणि वडीलधारी माणसे मागे राहतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घरी हाच तोडगा निघण्याच्या बेतात होता. आम्ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवरलगतच्या सरे शहरात राहतो. एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाई त्या वर्षी अहिल्यानगरहून आमच्याकडे आल्या होत्या आणि चातुर्मास येथेच करणार होत्या. मुलांना शाळेच्या सुट्टीत समुद्रापलीकडील व्हँकूवर बेटावर जायचे होते. सासूबाईंना चौविहार, उकळलेले पाणी, जमीनकंदाचा त्याग आणि रोज सकाळी चौदा नियम. हॉटेलातले अन्न तर दूरच, तेथील भांडेही त्यांना चालत नाही. त्यांना घरी ठेवायचे, तर त्यांच्यासोबत कोणी राहायचे, यावर बोलणे सुरू झाले होते. ते ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "चौमासी चौदसच्या आत घरी आणणार असाल, तर मी येते."

हे वाक्य ऐकायला सोपे, पण त्याने सारा हिशेब बदलला. त्या वर्षी आषाढ शुद्ध चतुर्दशी ९ जुलैला येत होती. त्या दिवसापासून चार महिने सासूबाई गाव ओलांडणार नव्हत्या. इकडे शाळा जूनच्या अखेरीस सुटतात आणि लगेच १ जुलैला कॅनडा दिनाची सुट्टी येते. त्या सुट्टीला जोडून अर्धा प्रांत फेरीबोटींच्या दिशेने निघतो. म्हणजे आम्हांला मोकळी जागा मिळाली ती २ जुलै ते ८ जुलै एवढीच. त्यातही ८ तारखेला परतणे आम्ही नाकारले. वारा, बोटीतील बिघाड किंवा खलाशांची कमतरता यांमुळे कोणत्याही सागरी मार्गावरील फेरी रद्द होऊ शकते, आणि व्रताच्या आदल्या संध्याकाळी पलीकडच्या तीरावर अडकणे आम्हांला परवडणारे नव्हते. जाणे बुधवारी २ जुलैला, परतणे सोमवारी ७ जुलैला आणि मध्ये एक दिवस राखीव, असे ठरले. दुकानात जशी आपण अडीअडचणीची रक्कम गल्ल्यात वेगळी ठेवतो, तसा हा दिवस.

राहण्यासाठी आमच्याकडे ट्रॅव्हल ट्रेलर होता. मोटारीमागे जोडून ओढत न्यायचे हे चाकांवरचे घर. त्यात झोपण्याची जागा, शेगडी, लहान फ्रीज, पाण्याची टाकी असे सगळे असते. एकट्याने घेण्याइतका त्याचा वापर होत नाही, म्हणून येथील तीन जैन कुटुंबांनी तो भागीत घेतला आहे. भागीचा एक फायदा पैशाचा, आणि दुसरा त्याहून मोठा: त्याच्या शेगडीवर आजवर अभक्ष्य शिजलेले नाही. भाड्याच्या ट्रेलरबद्दल ही खात्री कोण देणार? सासूबाई येऊ शकल्या त्या या शेगडीमुळे.

आता फेरीबोटीविषयी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कल्पना येईल. मोटारी बोटीच्या पोटात शिरतात आणि पलीकडे सरळ बाहेर पडतात. येथे बीसी फेरीजच्या मोठ्या बोटी हेच काम करतात. बेटावर जाण्यास व्हँकूवरकडून तीन मुख्य मार्ग आहेत. त्सावासनहून स्वार्ट्झ बे हा व्हिक्टोरिया शहराकडे नेणारा मार्ग सुमारे १ तास ३५ मिनिटांचा. हॉर्सशू बेहून नानाइमोजवळच्या डिपार्चर बेला जाणारा १ तास ४० मिनिटांचा. आणि त्सावासनहून ड्यूक पॉइंटला जाणारा २ तासांचा. आम्ही यांपैकी सर्वांत लांबचा घेतला. कारण असे की सरेहून त्सावासन जवळ पडते, हॉर्सशू बेला जायचे तर ट्रेलर ओढत शहराच्या पलीकडे डोंगरकडेला जावे लागते, आणि ड्यूक पॉइंटला उतरल्यावर नानाइमो शहराच्या गर्दीत न शिरता हमरस्ता गाठता येतो. मालाचे ट्रक बहुधा हाच मार्ग घेतात. मागे घर जोडलेले असताना ट्रकवाल्यांची वाट धरावी, हे शहाणपण कोणत्याही देशात खरे.

मुक्काम पार्क्सविल गावाजवळ रॅथट्रेव्हर बीच या प्रांतिक उद्यानात करायचा होता. अशा उद्यानांतील जागा चार महिने आधी आरक्षणासाठी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातल्या जागा पाहता पाहता संपतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी पंचांग, मग मुक्कामाची जागा, आणि ती हाती आल्यावर लगेच बोट. आम्ही २ मार्चच्या सकाळी संगणकापुढे बसलो होतो, कारण २ जुलैची जागा त्या दिवशी खुली होणार होती. बोटीचे आरक्षण आधी करून मुक्काम नंतर शोधू म्हणणारे बरेच असतात, पण ३८ फूट लांबीचे बिऱ्हाड घेऊन रात्री जागा शोधत फिरणे कोणालाच सुखाचे नाही.

हे ३८ फूट कोठून आले, तेही सांगते. बोटीवर साध्या मोटारीचे भाडे ठरावीक लांबीपर्यंत धरलेले असते. त्यापुढे प्रत्येक फुटाला वेगळा आकार पडतो. ट्रेलरच्या नावात जो आकडा असतो तो बहुधा पूर्ण लांबीचा नसतो. पुढची जोडदांडी, मागचा बंपर, त्यामागे टांगलेले सामान, हे सर्व मोजावे लागते, आणि तेही ट्रेलर मोटारीला जोडलेला असताना. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने अंगणात टेप धरून मोजले: ३७ फूट आणि काही इंच. वरचा इंच पुढच्या फुटात जातो, म्हणून ३८. मागे सायकलींचा स्टँड लावला असता तर ४० झाले असते. सायकली आम्ही ट्रेलरच्या आत जमिनीवर आडव्या ठेवल्या आणि दोन फुटांचे भाडे जाता-येता वाचवले. उंचीही सांगावी लागते. ७ फुटांहून उंच वाहने कमी उंचीच्या डेकवर मावत नाहीत, आणि आमचा ट्रेलर छपरावरच्या वातानुकूलन यंत्रासह १० फुटांच्या घरात जातो. आरक्षणात लांबी कमी सांगून काही साधत नाही. बोटीतील जागा फुटाफुटाने वाटलेली असते. तेथे मापात मारलेला हात फरकाचे भाडे भरायला लावतोच, शिवाय जागा नसेल तर पुढच्या फेरीची वाट पाहायला लावतो. 'कूटतोल-कूटमान' हा तिसऱ्या अणुव्रताचा अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी आठवतो. तो घेणाऱ्यालाही लागू आहे, हे त्या टेपने मुलाला समजले.

भाडे लांबीवर, तर पेट्रोल वजनावर. म्हणून पाण्याची टाकी आम्ही घरी भरली नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि मुक्कामी नळ होताच. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या आसपास ठेवले. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडदांडीवर यावा लागतो. मागे जास्त भार झाला की ट्रेलर रस्त्यावर डुलू लागतो. या प्रांतात १४०० किलोपुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणे कायद्याने आवश्यक आहे. निघण्याआधी ते तपासले, टायरांतील हवा पाहिली आणि दिवे लावून पाहिले.

मग प्रश्न आला वेळेचा. बहुतेक लोक निघण्याच्या वेळेपासून पुढे मोजतात. चौविहार करणाऱ्याला सूर्यास्तापासून मागे मोजावे लागते. जुलैच्या प्रारंभी येथे सूर्यास्त रात्री सव्वानऊच्या पुढे होतो आणि सूर्योदय सकाळी सव्वापाचच्या आधी. दिवस सोळा तासांचा, तेव्हा घाई कशाला, असे वाटेल. पण मागून मोजून पाहा. नऊच्या आत जेवण उरकायचे. स्वयंपाकाला आणि ट्रेलर समतल करून उभा करण्याला दीड तास धरला, तर साडेसातला मुक्कामी हवे. ड्यूक पॉइंटहून तेथवर एक तास, म्हणजे साडेसहाला बोटीतून बाहेर. दोन तासांचा सागरी प्रवास, म्हणजे साडेचारच्या आत निघणारी बोट. फेऱ्या साधारण अडीच तासांच्या अंतराने असतात. त्यांतली सव्वातीनची फेरी ही आमची शेवटची मर्यादा ठरली. म्हणून आरक्षण केले सव्वादहाचे. ती हुकली तर पावणेएकची, तीही हुकली तर सव्वातीनची. दोन फेऱ्या हुकूनही नियम सांभाळला जाईल, अशी ही मांडणी. सकाळी सहाच्या सुमारास नवकारसी होते, त्यामुळे घरून जेवून निघणेही जमत होते. ज्यांना व्रत नाही, त्यांनाही ही मागून मोजण्याची पद्धत उपयोगी पडेल, कारण अंधारात अनोळखी जागी ट्रेलर मागे घेणे फार अवघड असते.

निघण्याच्या सकाळी सासूबाई चौदा नियम धारत होत्या. सचित्त, द्रव्य, विगय असे करत त्या 'वाहन' या नियमाशी आल्या आणि थांबल्या. मोटार एक, बोट दोन. ट्रेलर मोजायचा का? माझे पती म्हणाले, "आई, चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसूच नये, असा येथील कायदा आहे. ज्यात तुम्ही बसणार नाही, ते तुमचे वाहन कसे?" सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "भाडे भरतोस ना त्याचे, फुटाफुटाने?" त्या म्हणाल्या. "ज्याचे भाडे भरले, ते माझ्यासाठीच चालले. तीन वाहने धर." माझ्या मुलीने ते कागदावर लिहिले. 'दिशा' या नियमात त्यांनी पश्चिमेला बेटापर्यंतचे अंतर धरले. वाऱ्यामुळे बोट दुसऱ्या बंदराला नेली तर काय, हेही विचारले आणि त्या हिशेबाने मर्यादा थोडी रुंद ठेवली. बोट कंपनीला लांबी-उंची सांगताना आम्ही जितके काटेकोर होतो, तितक्याच काटेकोरपणे त्या स्वतःला सांगत होत्या. फरक एवढाच की त्यांच्याकडे टेप घेऊन कोणी उभे नव्हते.

त्सावासनच्या धक्क्यावर आम्ही साडेआठला पोहोचलो. आरक्षण असले तरी ठरलेल्या मुदतीआधी तेथे हजर व्हावे लागते, नाहीतर जागा जाते. आम्ही मुद्दाम अधिक वेळ हाती ठेवला होता. तिकीट खिडकीवर दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक, वृद्ध माणूस सोबत आहे, मोटार लिफ्टजवळ लावून द्यावी. दुसरी, ट्रेलरला गॅसचे सिलिंडर आहेत. प्रोपेन गॅसचा झडपा सिलिंडरपाशीच बंद असला पाहिजे, हा बोटीचा कडक नियम आहे. तो बंद म्हणजे शेगडी बंद आणि गॅसवर चालणारा फ्रीजही बंद. दही-दूध आम्ही आदल्या रात्रीच चांगले थंड करून ठेवले होते, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत फ्रीजचे दार उघडायचे नाही असे मुलांना बजावले होते. सासूबाईंचे पाणी घरून उकळून थर्मासमध्ये घेतले होते. उन्हाळ्यात अशा पाण्याची मर्यादा पाच प्रहरांची. आषाढ चौमासी लागताच ती तीन प्रहरांवर येते. ९ जुलैच्या आत प्रवास करण्याचा हाही एक लाभ.

रांगेत उभे राहिल्यावर तासाहून अधिक वेळ होता. आजूबाजूला लोक घड्याळाकडे पाहत येरझाऱ्या घालत होते. सासूबाई उभ्या ट्रेलरमध्ये चढल्या, पुंजणीने जागा पुंजली, कटासणे अंथरले, मुहपत्ती बांधली आणि सामायिकाला बसल्या. चालत्या वाहनात सामायिक होत नाही, म्हणून बोटीवर ते शक्य नव्हते. येथे मात्र ४८ मिनिटे स्थिर जागा मिळाली होती. माझी मुलगीही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. बोट भरायला सुरुवात होण्याआधी सामायिक पारून दोघी मोटारीत आल्या. फेरीबोटीच्या प्रवासात सर्वांना नकोसा वाटणारा भाग हा वाट पाहण्याचा असतो. आमच्या दिवसातला तो सर्वांत भरलेला वेळ ठरला.

बोटीत शिरताना नव्याने ट्रेलर ओढणाऱ्याला धास्ती असते. ती बाळगू नये. खलाशी हाताने खुणा करतात, त्यांच्याकडेच पाहावे आणि सावकाश पुढे जावे. या मार्गावर एका टोकाने आत व दुसऱ्या टोकाने बाहेर, त्यामुळे मागे घ्यावे लागत नाही. हातब्रेक ओढावा, मोटारीचा अलार्म बंद करावा. उंच वाहने बंदिस्त खालच्या डेकवर जातात आणि प्रवासात तेथे थांबण्यास मनाई असते. म्हणजे ट्रेलरच्या स्वयंपाकघरात बसून दोन तास काढू, असा बेत करू नये. लागेल ते सर्व एका पिशवीत घेऊन वर जावे. आमच्या पिशवीत खाकरे, दशम्या, गुळपापडी, थर्मास, माळ आणि सासूबाईंची शाल होती. भर उन्हाळ्यातही वरच्या डेकवरचा वारा बोचरा असतो.

वर खिडकीशी बसून सासूबाईंनी आयुष्यात प्रथमच चारही बाजूंना पाणी पाहिले. मुलांना त्या श्रीपाल राजाची कथा सांगू लागल्या. भरूचच्या बंदरात धवल शेठची पाचशे जहाजे अडकून पडतात, श्रीपाल नवपदाचे ध्यान करून ती सोडवतो, आणि तोच शेठ पुढे लोभापायी श्रीपालला समुद्रात ढकलतो. समुद्र आपल्या समाजाला तसा परका नाही. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वरचे जगडू शाह समुद्री व्यापारातून संपन्न झाले आणि दुष्काळात धान्याची कोठारे खुली करून अमर झाले. १८९३ मध्ये वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडण्यासाठी समुद्र ओलांडून गेले, तेव्हा त्या प्रवासावर समाजातून टीका झाली होती. समुद्रापलीकडे आचार टिकेल का, ही टीकाकारांची शंका. ती आज आपल्या प्रत्येक परदेशस्थ घरात वेगळ्या शब्दांत जिवंत आहे. तिचे उत्तर वादातून मिळत नाही, तयारीतून मिळते.

मुक्कामी आम्ही सव्वाला पोहोचलो. संध्याकाळचे जेवण सातला झाले, आणि त्यानंतर दोन तास उजेड उरला. रॅथट्रेव्हरचा किनारा अगदी सपाट आहे. मोठ्या ओहोटीला पाणी जवळजवळ एक किलोमीटर मागे सरते आणि वाळू उघडी पडते. मुले धावली, पण सासूबाई कोरड्या वाळूच्या कडेलाच थांबल्या. ओल्या वाळूत काय काय जगते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, त्यांनी ते पाहून ओळखले. वाळूत 'सँड डॉलर' नावाचे चपटे गोल प्राणी असतात. पांढरे दिसतात ती मृत कवचे, जांभळट काळे असतात ते जिवंत. मुलीने हे उद्यानाच्या फलकावर वाचले आणि भावाला पायाखाली पाहून चालायला लावले. यतना हा शब्द तिला आजवर पाठशाळेत पाठ होता.

हे सर्व लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. ट्रेलर हा परिग्रहच आहे. तो ओढायला पेट्रोल अधिक जळते आणि चाकांखाली, बोटीखाली जीवहिंसा होतेच. भागी केल्याने परिग्रह विभागला जातो, नाहीसा होत नाही. म्हणून तिन्ही कुटुंबांनी वर्षाला किती वेळा तो बाहेर काढायचा, याची संख्या ठरवून घेतली आहे. पर्युषणापूर्वी ती पुन्हा तपासली जाते.

७ जुलैला दुपारच्या बोटीने आम्ही परतलो. ८ तारखेचा राखीव दिवस कपडे धुण्यात आणि ट्रेलर पुसण्यात गेला. ९ तारखेला सासूबाईंनी चार महिन्यांसाठी दिशांची मर्यादा घेतली: घरापासून चारही दिशांना दोन किलोमीटर. मी म्हटले, "आई, समुद्राचे नाव काढाल ना पुन्हा?" त्या म्हणाल्या, "पाहिलाच नसता, तर सोडला काय असता? आता सोडते आहे ते मोजून सोडते."

ज्या घरांत वडीलधाऱ्यांना उन्हाळ्यात मागे ठेवण्याचा विचार चालू असेल, त्यांना माझे सांगणे एवढेच: आधी त्यांच्या नियमांची यादी मागून घ्या, आणि तिच्या शेजारी बोटीच्या नियमांची यादी ठेवा. दोन्ही याद्या लांबी, वेळ आणि संख्या यांच्याच आहेत, आणि बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींना मदत करतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चौमासी चौदस जुलैच्या अखेरीस जाते. शाळा सुटल्यापासून तोवर जवळजवळ चार आठवडे मोकळे मिळतील. मुक्कामाच्या जागा चार महिने आधी खुल्या होतात, तेव्हा पंचांग फेब्रुवारीतच उघडून बसावे.